दरवाजे उरतात, घरे जातात

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आजही उभा आहे. पण त्यातून आत जाणाऱ्यास घर दिसत नाही, जोती दिसतात. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या जुन्या राजवाड्याचा नगारखाना उभा आहे. ज्या राजवाड्यासाठी तेथे चौघडा झडत असे, तो १८६४ च्या आगीत गेला. आणि तेल्हाऱ्यापासून फार दूर नसलेल्या नरनाळा किल्ल्यावर १४८७ सालचा लेख मिरविणारा महाकाली दरवाजा पाहून माणूस थक्क होतो. परंतु त्या दरवाजाने ज्यांचे रक्षण करावयाचे, त्या आतल्या वस्तीच्या जागी आता बहुतेक पडक्या भिंती आणि रान आहे.

हा केवळ योगायोग नव्हे. दरवाजा आणि तट दगडाचे असतात, घराचा अंतर्भाग लाकडाचा, मातीचा, चुन्याचा आणि कापडाचा असतो. आग, पाऊस आणि वाळवी ही प्रथम आतल्या भागावर चालून जातात. म्हणूनच आपल्याकडील ऐतिहासिक वास्तूंची आठवण ही बहुधा बाहेरची आठवण असते. तटाची उंची सांगता येते, दरवाजावरील खिळे मोजता येतात. परंतु माणसे कोठे निजत, कोठे जेवत, दिवा कोणत्या कोनाड्यात लावीत, हे विचारले तर उत्तर देणे कठीण होते. इतिहास मात्र घडतो तो त्या आतल्या भागात. गेलेल्या घराचा अंतर्भाग पुढच्या पिढीस कळतो तो कशामुळे आणि कळेनासा होतो तो कशामुळे, याचा विचार आज वऱ्हाडातील गावोगावचे जुने वाडे पडत असताना करणे अगत्याचे आहे.

कारकुनाने राखलेला वाडा

शनिवारवाड्याचे उदाहरण प्रथम घेऊ. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला सोळा हजार एकशे दहा रुपये. या आकड्यातील सोळा हजारांपेक्षा शेवटचे दहा रुपये अधिक बोलके आहेत. सोळा हजार ही आठवण असू शकते. एकशे दहा हा हिशेब आहे. कोणी तरी कारकुनाने तो लिहून ठेवला, म्हणून जवळजवळ तीनशे वर्षांनी आपण तो वाचीत आहो.

पुढच्या पेशव्यांनी या वाड्यात भर घातली. नानासाहेबांनी १७५५ मध्ये गणेशोत्सवासाठी गणपती रंगमहाल बांधला. त्यात एकाच वेळी शंभर नर्तक नाचू शकत, असे सांगतात. याखेरीज थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, आरसेमहाल, हस्तिदंती महाल, अस्मानी महाल अशी दालने होती. सर्वांत उंच मजल्यास मेघडंबरी म्हणत आणि तेथून आळंदीच्या ज्ञानेश्वर मंदिराचा कळस दिसे, अशी परंपरेची समजूत आहे. लहान वयात पेशवाई मिळालेल्या सवाई माधवरावांसाठी सोळा पाकळ्यांच्या कमळासारखा हजारी कारंजाचा हौद बांधण्यात आला. याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि याच वाड्यात ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वरून खाली कोसळले व दोन दिवसांनी वारले.

ही झाली शोभेची आणि शोकाची दालने. परंतु वाडा चालत असे तो कारखान्यांवर. कारखाना म्हणजे आजच्या अर्थाने गिरणी नव्हे. राजघराण्याच्या एकेका गरजेचे खाते. वस्त्रांसाठी जामदारखाना, तंबू व बैठकीच्या सामानासाठी फरासखाना, शस्त्रांसाठी शिलेखाना, रत्नांसाठी जवाहिरखाना, स्वयंपाकासाठी मुदपाकखाना, ग्रंथांसाठी पोथीखाना. प्रत्येक खात्यास कारकून होता, आणि आत आलेली व बाहेर गेलेली वस्तू कागदावर चढविणे हे त्याचे काम होते. शालजोडी कोणास दिली, तूप किती लागले, सुतारास काय पोचले, हे लिहिताना आपण इतिहास लिहीत आहो, अशी त्या कारकुनाची कल्पनाही नसेल. तो फक्त महिनाअखेरचा मेळ घालीत होता.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्यास मोठी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. पेशवाई जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. लाकडी मजले, कोरीव खांब, रंगविलेली छते, सारे जळाले. जोती उरली, तट उरला, दरवाजे उरले. पण कागद उरले होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांच्या मागे लागलेले होते. शिवराम कृष्ण, देवाजी व कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, राघो चितारी अशी पेशवेकालीन कारागिरांची नावे आज आपण घेऊ शकतो. राजाच्या नावाबरोबर सुताराचे नाव टिकणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट नव्हे.

कागदास चित्राची जोड मिळाली. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने १७९० मध्ये पेशव्यांशी टिपूविरुद्ध तह केला. त्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र टॉमस डॅनियल याने इंग्लंडात १८०५ मध्ये पुरे केले. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात केलेल्या अभ्यासचित्रांचा त्यास आधार होता. वेल्स पुण्यास आला तो तहानंतर. तेव्हा दरबार जसाच्या तसा त्याने पाहिला, असे म्हणता येत नाही. मात्र दालन त्याने पाहिले होते, माणसांचे चेहरे समोर बसवून काढले होते, आणि गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार त्याच्या हाताखाली तयार झाला होता. म्हणून या चित्रातील प्रसंग काहीसा मांडलेला असला, तरी सुरूचे खांब, त्यांवरील कमानी, बैठकीची रचना यांबद्दल ते मोलाची साक्ष देते.

तिसरी साक्ष जमिनीने दिली. १७ जून १९१९ रोजी शनिवारवाडा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. तेव्हा तटाच्या आत न्यायालयाची इमारत होती. ती काढून पुढील काही वर्षांत उत्खनन झाले आणि जोती, हौद, पाण्याचे मार्ग उघडे पडले. कागदातील दालन, चित्रातील खांब आणि जमिनीतील जोते या तिन्हींचा मेळ घातला, की जळालेला वाडा काही अंशी मनापुढे उभा राहतो.

महाल नावाची वस्ती

आता आपल्याला अधिक जवळच्या घराकडे वळू. वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता, आणि येथील वसुलाचा एक वाटा नागपूरच्या राजवाड्याकडे जात असे. हा संबंध ज्या लढाईने तुटला, ती २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हारा तालुक्यातीलच अडगावी झाली. वेलस्लीने तेथे भोसले व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला; पंधरवड्यात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडावरील अंमल बहुतेक संपला. अडगावच्या शेतात बैल हाकणाऱ्या कुणब्याचा आणि नागपूरच्या राजवाड्याचा असा जुना ऋणानुबंध आहे.

तो राजवाडा आतून कसा होता? काळ्या बसाल्ट दगडाचा, लाकडी कोरीवकामाने गच्च भरलेला, १८६४ मध्ये जळालेला आणि नगारखान्याखेरीज काहीही न उरलेला: गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन असे जेमतेम एका वाक्यात संपते. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखर आहे. यादव माधव काळे यांनी वऱ्हाडाचा आणि नागपूर प्रांताचा इतिहास परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे. घराण्याचे राजकारण त्यांतून समजते. परंतु पुण्याच्या गणपती रंगमहालाविषयी शाळकरी मुलालाही दोन गोष्टी सांगता येतात, तशा नागपूरच्या या राजवाड्यातील एकाही दालनाविषयी आपल्यातील सुशिक्षितासही सांगता येत नाहीत. वस्तीचे नाव महाल राहिले, त्या नावाचा अर्थ मात्र जळून गेला.

याचे एक कारण आगीच्याही आधीचे आहे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर राजघराण्याचे जडजवाहीर, हत्ती, घोडे आणि इतर मालमत्ता लिलावात निघाली. म्हणजे १८६४ च्या ज्वाळांनी जे घर खाल्ले, ते दहा वर्षे आधीच आतून रिकामे होऊ लागले होते. घर प्रथम वापरातून जाते, मग सामान जाते, शेवटी भिंती जातात. भिंती पडल्या, की आपण हळहळतो. खरे नुकसान मात्र त्यापूर्वीच झालेले असते, आणि तेव्हा ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या गावचे वाडे

राजवाडे फार थोडे असतात. पण हीच कथा लहान प्रमाणावर आपल्या प्रत्येक गावी चालू आहे. तेल्हारा, हिवरखेड, अकोट, बाळापूर या गावांतून हिंडले, की अजूनही एखादा वाडा दिसतो. मोठा दरवाजा, त्यातील लहान दिंडी, आत ढेलज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, पुढे माजघर आणि देवघर. मेळघाटातून उतरविलेले सागवान आणि वर मातीचे धाबे. हे धाबे उन्हाळ्यात घर थंड ठेवी. ओसरीवर बंगई. भिंतीत बळद, त्यात ज्वारी. जमिनीत पेव. दिवळीत तेलाचा दिवा आणि त्याच्या काजळीचा वर चढत गेलेला डाग. बाळंतिणीची अंधारी खोली. अशा एकेका घराच्या चार भिंतींत पावसाळ्याचे धान्य, उन्हाळ्याची झोप, लग्नाचा मांडव आणि मयताचा आकांत यांची सोय केलेली असे.

त्यानंतर कापूस आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीस सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, पाठोपाठ जीन-प्रेस आले. वाड्यांच्या ओसरीवर अडतीची गादी पडली. मुनीम, खतावणी, रोकडवही यांनी घराचा दर्शनी भाग व्यापला. म्हणजे वाड्याचा अंतर्भागही काळाप्रमाणे बदलत गेला आणि तो बदलही इतिहासच आहे.

आज हे वाडे पडत आहेत, याचे आश्चर्य वाटू नये. वाटण्या झाल्या, एका चौकाचे सात वारस झाले. मुले पुणे-मुंबईस गेली. धाब्याची दरवर्षी डागडुजी करणारी माणसे उरली नाहीत. पावसाळ्यात भिंत खचली, की नगरपरिषदेची नोटीस येते. जुन्या सागवानास चांगला भाव मिळतो, आणि कोरीव खांब येथून उठून दूरच्या शहरातील उपाहारगृहाच्या दारी शोभेस उभा राहतो. मालकास दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर गळते, त्यास वारशाचे व्याख्यान देणे सोपे असते. संरक्षित स्मारकांचे कायदे आहेत, पण ते यादीत घेतलेल्या वास्तूंपुरते. तेल्हाऱ्यातील खाजगी वाडा त्या यादीत यावयाचा कधी?

आणि सरकारी कागदात तरी आपले घर कसे राहते? खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस बोळ. फार तर खण किती आणि छप्पर कशाचे, एवढी नोंद मिळेल. चतुःसीमा म्हणजे घराची बाहेरची कड. आत काय आहे हे ती सांगत नाही. पेशव्यांच्या कारकुनाने तुपाचा हिशेब लिहिला, म्हणून मुदपाकखाना आपल्यास कळतो. आपल्या काळची नोंदवही मात्र दारापाशीच थांबते.

कोणाची आठवण?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वाड्यांच्या आठवणी काढणे म्हणजे सावकारी आणि सरंजामी यांचे गोडवे गाणे नव्हे काय? ज्यांना ढेलजेच्या पुढे पाऊल टाकता आले नाही, ज्यांना पाणीदेखील वरून ओतले गेले, त्यांनी माजघराच्या सौंदर्याबद्दल का हळहळावे? ज्या स्त्रीचे सारे आयुष्य चुलीच्या धुरात गेले, तिच्या सुनेने तो धूर का आठवावा? वाडा पडला, बरे झाले, असे म्हणणारी माणसेही याच गावात आहेत आणि त्यांच्या म्हणण्यास अनुभवाचा आधार आहे.

परंतु हा आक्षेप नोंदीच्या विरुद्ध जात नाही, उलट तिची निकड वाढवितो. वाड्याचा अंतर्भाग हा जातीचा, लिंगभेदाचा आणि मालकीचा आखीव नकाशा असे. कोण ओट्यापर्यंत, कोण ओसरीपर्यंत, कोण माजघरापर्यंत; स्त्रियांची वाट कोणती, गड्यांची कोणती, मैला नेणाऱ्याची मागची कोणती. भिंती पाडल्या, की हा नकाशा पुसला जातो आणि मागे उरतात फक्त मालकाच्या नातवंडांच्या गोड आठवणी: बंगई, आंब्याच्या अढ्या, दिवाळीच्या पणत्या. ज्यांना आत येऊ दिले नाही त्यांची साक्ष लिहिली गेली नाही, तर उद्याच्या वाचकास वाटेल की वाड्यात सारे सुखच होते. पेशव्यांच्या वाड्यात कुणबिणी राबत होत्या, हे आपणास कळते तेही कागदामुळेच. नोंद ही स्तुती नव्हे. नीट केलेली नोंद पुष्कळदा आरोपपत्र ठरते.

मोजमापाचे काम

वास्तू वाचविणे सर्वांच्या हातचे नाही. तिची नोंद ठेवणे पुष्कळांच्या हातचे आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा हिचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने ते शहर योजनापूर्वक उद्ध्वस्त केले. युद्धानंतर पोलिश जनतेने जुने नगर पुन्हा उभारले आणि १९८० मध्ये त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. या उभारणीस अठराव्या शतकातील बेलोत्तो या चित्रकाराची चित्रे उपयोगी पडली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथील तंत्रविद्यालयाच्या वास्तुशास्त्र विभागातील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी केलेली मोजमापाची रेखाटने उपयोगी पडली. युद्धकाळात ती शहराबाहेर लपवून ठेवली होती. एखाद्या विद्यार्थ्याने वर्गाचे काम म्हणून जिन्याच्या पायऱ्या मोजल्या असतील. त्या पायऱ्या पुढे त्याच मापाने पुन्हा बांधल्या गेल्या.

आपल्यास काही पुन्हा बांधावयाचे नाही. पण मोजण्याचे काम तेल्हाऱ्यातही होऊ शकते. हायस्कूलच्या किंवा महाविद्यालयाच्या एका वर्गाने एका वर्षी एकच वाडा घ्यावा. मालकाची परवानगी काढावी, मोजपट्टीने खोल्या मोजाव्या, चौकोनी कागदावर आराखडा काढावा, दिशा दाखवावी. प्रत्येक खोलीचे नाव घरातील वृद्ध स्त्रीच्या तोंडून घ्यावे. कारण पुस्तकातले नाव आणि त्या घरातले नाव निराळे असते. धान्य कोठे, पाणी कोठून, दिवा कोठे, बाळंतपण कोठे, आणि कोणास कोठपर्यंत येण्याची मुभा होती, हे विचारावे. हा शेवटचा प्रश्न घरमालकाबरोबरच तेथे कामास येणाऱ्या कुटुंबांतील वृद्धांसही विचारावा. छायाचित्र काढणारे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु तारीख, जागा आणि दिशा लिहिलेली नसेल, तर हजार छायाचित्रांचाही काही वर्षांनी उपयोग होत नाही.

कचेरीत काम करणाऱ्यांचा वाटा याहून कमी नाही. जुने आकारणीचे रजिस्टर, बांधकामाच्या परवानगीचा नकाशा, मोडीतील खत, एखाद्या बंद पडलेल्या जीनची हजेरीवही हे सारे रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहणे हे त्यांनाच शक्य आहे. तयार झालेली नोंद एका वहीत शाळेत, दुसरी प्रत सार्वजनिक वाचनालयात आणि तिसरी अमरावती विद्यापीठाकडे ठेवली, तर ती एका आगीत नष्ट होणार नाही.

अकोल्याच्या असदगडाचा तट १८७० च्या सुमारास पाडला गेला आणि १९१० च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये गडाच्या मध्यभागी शाळा भरत असल्याची नोंद आहे. एके काळी त्या जागी मुले धडे गिरवीत होती. त्या मुलांपैकी एखाद्यास त्याच्या मास्तरांनी सांगितले असते, की आज गणित पुरे, ही भिंत मोज आणि वहीत लिही, तर आज आपल्या हाती एक पान असते. ते पान आपल्याला मिळाले नाही. तेल्हाऱ्यातील, हिवरखेडातील, अडगावातील वाड्यांची पाने मात्र अजून लिहिता येतील. त्यांतील खोल्यांची नावे सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत. पावसाळ्यापूर्वी हे काम सुरू झाले, तर या वर्षी पडणाऱ्या भिंतींबरोबर त्यांच्या आतले सारे नाहीसे होणार नाही.